नळातली मुंगी

आठवडाभर टपकत होतं.
आम्ही खाली बादली ठेवली, निळी, कान तुटलेली,
आणि साचलेलं पाणी सकाळी अबोलीला घातलं.
काटकसर केल्यासारखं वाटलं.
वेंगुर्ल्यात तसं सगळंच गळतं:
कौलं, होड्या, यष्टीची टपं,
शेजारच्या वाडीतली गुपितं.
गीझर गळला तर काय मोठंसं.

बुधवारी नळाला हात लावला
आणि बोटाला मुंगी चावली.
पाहिलं तर मुंगी नव्हती.
पुन्हा लावला.
आठवीला विज्ञान शिकवते मी,
तरी लावला.
पुन्हा चावली.

दारात ओजस, टॉवेल खांद्यावर,
अनवाणी, ओल्या लादीवर.
"आई, आटप ना."
मी अशी ओरडले
की तो अजून सगळ्यांना सांगतो,
आई तेव्हा कावळ्यासारखी ओरडली.

फोनवर बस्त्याव. त्याच्यामागे समुद्र, की मिक्सर.
"बाय, हात ओले आसत?"
आसत.
"मगे थंयच्या बटनाक हात लावू नको. भायर ये.
हात पूस, सुकी चपला घाल,
मेन बोर्डार जा, गीझराचा बटन पाड."
पाडलं.
टक.
एवढ्याशा आवाजानं किती माणसं वाचत असतील,
कुणी मोजत नाही.

"आता पाण्याचो वॉल. वयल्या टाकीकडचो."
शिडीवरून गेले. खारा वारा खाऊन तो लाल झालेला.
पान्यानं अर्धा फिरला, मग रडला,
मग फिरला.

गरम नळ सोडू का?
"नको गो. टाकी तापलेली आसा. वाफेक डोळे नसतत.
थंड होवंदे सकाळपर्यंत.
आणि ती बाजूची पितळेची टोपी,
तिका कोणी बांधलेली नाय मा?"

मी गप्प.
दिवाळीत त्या टोपीतून पाणी उडायचं, भिंत भिजायची,
म्हणून ह्यांनी सुतळी गुंडाळून
वर एम-सील थापलं होतं. छान गुळगुळीत.
"बाय?"
थापलंय, म्हटलं.
बस्त्याव काहीच बोलला नाही.
मागचा आवाज थांबला.
मिक्सरच होता.

दुसऱ्या दिवशी आला, खिशात पेनासारखा टेस्टर लावून.
टाकी रिकामी केली, उतरवली,
आतून एक तार ओढून माझ्या तळहातावर ठेवली.
"हो दांडो. आंगठ्याएवढो जाड होतो."
विहिरीचं मचूळ पाणी पत्रा खायला येतं
तेव्हा हा पुढे होतो: आधी मला खा.
दोन वर्षांनी बदलायचा असतो.
सात वर्षं झाली होती,
कुणी त्याची विचारपूस केली नव्हती.
मला त्या क्षणी कोण कोण आठवलं
ते इथे लिहीत नाही.

अर्थिंगची हिरवी वायर जागच्या जागी होती,
फक्त पलीकडे कशालाच जोडलेली नव्हती.
"दाखवूक ठेवलेली," तो म्हणाला,
आणि चहा बिनसाखरेचा मागितला.

टाकी भंगारात गेली.
आठ दिवस मागच्या न्हाणीत सोडणं पेटवली.
धूर डोळ्यांत, ओजस खोकतोय, हंडा काळा;
पण विस्तव निदान दिसतो,
कुठून भ्यायचं ते कळतं.

नवा गीझर लागला त्या दिवशी
ह्यांनी पितळी टोपीला हात जोडले, गंमत म्हणून.
मी हसले नाही.
लादीच्या वर, चुन्यावर, पेन्सिलीनं तारीख लिहिली,
तिच्याखाली दोन वर्षांनंतरची.

ती तार माझ्या कंपासपेटीत असते.
धातूंच्या धड्याला वर्गात फिरवते,
शेवटच्या बाकापर्यंत.
ओळखा, म्हणते.
खारवीवाड्यातलं कुणीतरी हमखास वास घेऊन बघतं
आणि सांगतं:
माशाचा काटा, बाई.